उरलेला माल

डिसेंबरचं पान उलटं करून
मी यादी लिहायला बसतो.
पतसंस्थेच्या कॅलेंडरची मागची बाजू कोरी असते,
तेवढा एक उपकार.

वर्षभर काय गाजलं ते पोरं सांगतातच.
माझी यादी वेगळी:
दुकानात आली, काचेत मांडली,
आणि कुणी किंमतसुद्धा विचारली नाही, त्यांची.

लक्ष्मीपुरीत कॅसेटचं दुकान होतं.
आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.
मालक मीच आहे.

माळ्यावर बिस्किटाच्या खोक्यात सत्तेचाळीस कॅसेटी.
उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी ऐकून परत दिलेल्या,
लग्नाच्या मांडवाला न चाललेल्या,
माल परत घेतो म्हणालेली कंपनीच बुडाली
म्हणून राहिलेल्या.
वर्षातून एकदा पेन्सिल घालून फिरवतो.
टेप चिकटू नये म्हणून, असं बायकोला सांगतो.

सुलभा इंगवले. 'सांजेच्या पायऱ्या'.
गडहिंग्लजच्या शाळेतल्या बाई,
फंडातून पैसे काढून गायल्या.
कव्हरवर फोटो, एक डोळा मिटत आलेला.
पाच खपल्या, त्यातल्या चार भावानं नेल्या.
चौथ्या गाण्यात एके ठिकाणी सूर घसरतो
आणि बाई तो सावरत नाहीत,
तिथंच बसून राहतात जरा,
दम लागल्यावर बसावं तशा.
मी तेव्हा चूक म्हणालो होतो.
गिऱ्हाइकासमोर.

तातोबा आवळे, वडणगे. नुसती हलगी.
दोन ठोके, मग इतका वेळ काहीच नाही
की लोक 'ब्लँक हाय ही' म्हणून परत आणायचे.
मी निमूट बदलून द्यायचो.
काल रात्री पहिल्यांदा
त्या मोकळ्या जागेत थांबून राहिलो.
तिसरा ठोका आला तेव्हा
हातातला चहा सांडला.

आणि बाबालाल शिकलगार, क्लॅरिनेट.
जन्मभर वरातीपुढं चालत वाजवलं,
ही एकच कॅसेट बसून.
उद्यमनगरात माझ्या मित्राच्या शेडमध्ये केली,
भिंतीला गाद्या लावून.
शेजारी रात्रपाळी होती.
लेथचा आवाज आत आलाय, सगळीकडे आलाय,
त्यापायीच कुणी घेतली नाही.
आता ती शेड नाही. तो लेथ भंगारात गेला.
चाचाही गेले, कधी ते मला
सहा महिन्यांनी कळलं.
फक्त ह्या फितीवर दोघं अजून कामाला असतात,
एक लोखंड कातत, एक वारा.

बी बाजूच्या शेवटी क्लॅरिनेट थांबतं.
कापायचं राहून गेलेलं एक वाक्य:
'पोरा, पाणी हाय का रं?'
आणि बावीस वर्षांचा एक आवाज,
'आणतो की, चाचा.'
तो माझा.
मग चपलांचा आवाज, लांब जाणारा.
मग खट्.
दरवर्षी वाट बघतो,
टेप त्याआधीच संपते.
आणलं असणार. नळ जवळच होता.
आठवत मात्र नाही.

बाहेर थर्टीफर्स्टची गर्दी,
मटणाच्या दुकानापुढं ओळ चौकापर्यंत.
यादी काचेला आतून चिकटवली,
कव्हरांच्या मधोमध.
एक पोरगं वाचत उभं राहिलं, कानात बोंडं घालून.
'काका, हे कशावर ऐकायचं? लिंक हाय का?'
'दुपारी ये,' म्हटलं, 'पेन्सिल घेऊन.'
ते हसलं. काळं कव्हर घेतलं, दीडशेचं.
वीस कमी करून मागितलं.

केले.